संगणकातील खुणेची घंटा

शाळेची घंटा काही बोलत नाही. आवारातील झाडाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर शिपाई हातोडीचा एक टोल देतो, एवढेच घडते. परंतु त्या एका टोलासरशी गणिताचे शिक्षक हातातील खडू खाली ठेवतात, शेजारच्या वर्गात भूगोलाचे नकाशे गुंडाळले जातात आणि मैदानावर कवायत करणारी मुले रांगेने आत वळतात. टोल एकच, प्रत्येकाची कृती मात्र निराळी. कारण त्या टोलाचा अर्थ लोखंडात नसतो. तो ऐकणाऱ्याने आधीच मनाशी ठरवून ठेवलेला असतो. शाळेत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या परक्या माणसाला त्याच टोलाने काहीही उमगत नाही. फार तर तो दचकतो.

संगणकाच्या पोटातही अशी एक घंटा आहे. तिला 'सिग्नल', म्हणजे संकेत, असे म्हणतात. ती कोण वाजवतो, कोणासाठी वाजवतो आणि ऐकणारा ती ऐकून काय करतो, हे पाहण्यासारखे आहे.

संगणकात एका वेळी अनेक कामे चाललेली असतात. एकीकडे कोणी निबंध लिहीत असतो, त्याच वेळी गाणे वाजत असते, आणि डोळ्यांना न दिसणारी कितीतरी कामे पडद्यामागे चालू असतात. चालू स्थितीतील अशा प्रत्येक कार्यक्रमास 'प्रक्रिया' म्हणतात. पाककृतीचे पुस्तक फडताळात पडून असते तेव्हा तो नुसता कार्यक्रम होय. त्याप्रमाणे चुलीवर पदार्थ शिजू लागला म्हणजे ती प्रक्रिया झाली. प्रत्येक प्रक्रियेस स्मृतीची स्वतंत्र खोली मिळते आणि एका खोलीतील प्रक्रियेला दुसरीच्या खोलीत हात घालता येत नाही. ही बंदी जाणूनबुजून घातलेली आहे. ती नसती, तर गाणे वाजवणाऱ्या प्रक्रियेच्या एका चुकीने शेजारचा निबंध पुसला गेला असता. या खोल्यांची वाटणी करणारी आणि सर्वांवर देखरेख ठेवणारी जी व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. तिच्या गाभ्याचे नाव 'कर्नेल'.

भिंती घातल्या म्हणजे निरोपाचा प्रश्न आलाच. एका खोलीतील प्रक्रियेने दुसरीला "आता थांब" असे सांगावे कसे? याचे एक उत्तर युनिक्स नावाच्या कार्यप्रणालीत सापडते. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे असलेल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सच्या रचनेस आरंभ केला. पुढे १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉर्व्हाल्ड्‌स या विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिनक्सचा कर्नेल लिहिला, आणि आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये त्याच लिनक्सच्या घराण्यातील कर्नेल काम करतो. तेव्हा ही घंटा दूरदेशीच्या एखाद्या प्रयोगशाळेत राहिलेली नाही. ती अनेकांच्या खिशात वाजत असते.

युनिक्समध्ये प्रत्येक प्रक्रियेस एक क्रमांक असतो. तोच तिचा पत्ता. संकेतांनाही क्रमांक आहेत आणि प्रत्येकास एक नाव आहे. नावांचा आरंभ 'सिग' या अक्षरांनी होतो. पहिल्या क्रमांकाच्या संकेताचे नाव 'सिगहप'. त्यामागे एक जुनी हकिकत आहे. त्या काळी एकाच मोठ्या संगणकावर अनेक माणसे दुरून, टेलिफोनच्या तारेने, काम करीत. मधेच कोणी फोन खाली ठेवला किंवा तार तुटली, तर त्या माणसाची प्रक्रिया मागे पोरकी राही. म्हणून तार तुटताच कर्नेल तिला सिगहप पाठवी. त्याचा अर्थ, "पलीकडच्याने फोन ठेवला". आता तशा तारा राहिल्या नाहीत; परंतु पडद्यावरील आज्ञा देण्याची खिडकी बंद केली की आतील प्रक्रियांना आजही हाच संकेत जातो. गंमत अशी, की ज्या सेवा कोणत्याही खिडकीशिवाय पडद्यामागे अखंड चालतात, त्यांना फोन ठेवल्याची वार्ता निरुपयोगी होती. तेव्हा अशा अनेक सेवांच्या लेखकांनी त्या रिकाम्या घंटेस नवा अर्थ दिला: "नियमांची वही पुन्हा वाच." टोल जुनाच राहिला आणि अर्थ पालटला.

संकेत पोचतो कसा? पाठवणारी प्रक्रिया दुसरीच्या दारावर स्वतः जाऊन थाप मारीत नाही. ती कर्नेलला विनंती करते, "अमुक क्रमांकाच्या प्रक्रियेस तमुक क्रमांकाचा संकेत द्यावा." कर्नेल प्रथम अधिकार पाहतो. सामान्य वापरकर्त्याला केवळ स्वतःच्या प्रक्रियांनाच संकेत देता येतो, परक्याच्या नाही. सर्वांना संकेत देण्याचा अधिकार 'रूट' नावाच्या मुख्य व्यवस्थापकाकडे असतो. अधिकार पटला, की कर्नेल त्या प्रक्रियेच्या नोंदीत त्या संकेतासमोर एक खूण करून ठेवतो. पुढे त्या प्रक्रियेची काम करण्याची पाळी आली म्हणजे तिच्या हातातले काम जेथे असेल तेथे थांबवून तो तिला संकेताकडे वळवतो.

काही संकेत कर्नेल आपण होऊनच देतो. एखाद्या प्रक्रियेने आपल्या नसलेल्या स्मृतीत हात घातला, की तिला ११ क्रमांकाचा संकेत मिळतो आणि बहुधा तिचा तेथेच अंत होतो. एका प्रक्रियेने दुसरीला जन्म दिला असेल, तर त्यांना जनक आणि अपत्य असेच म्हणतात. अपत्याचे काम संपले की जनकास 'सिगचाइल्ड' हा संकेत जातो. जनकाने त्याची दखल घेतली नाही, तर संपलेल्या अपत्याची नोंद दप्तरात तशीच पडून राहते. कळफलकावर 'कंट्रोल' आणि 'सी' या कळा एकदम दाबल्या, म्हणजे समोर चाललेल्या प्रक्रियेस २ क्रमांकाचा संकेत जातो. "पुरे आता" असा त्याचा आशय.

संकेत मिळाल्यावर प्रक्रियेपुढे तीन मार्ग असतात. तिने आधी काहीच ठरवून ठेवले नसेल, तर कर्नेलने नेमून दिलेली कृती घडते, आणि ती बहुतेक वेळा मृत्यूचीच असते. दुसरा मार्ग, संकेताकडे दुर्लक्ष करणे. तिसरा मार्ग शहाणपणाचा: अमुक संकेत आला तर अमुक काम करावे, असा एक छोटा उतारा कार्यक्रमाच्या लेखकाने आधीच लिहून ठेवणे. शाळेतील मुलांना घंटेचे अर्थ पहिल्या दिवशी सांगितले जातात, ते याच मार्गाने.

संकेत देण्याच्या आज्ञेस युनिक्समध्ये 'किल', म्हणजे ठार करणे, असे नाव आहे. नाव ठेवणाऱ्यांनी येथे थोडी घाई केली, असे म्हणावे लागते. कारण या आज्ञेने कोणताही संकेत पाठवता येतो, सौम्य तसाच कठोर. विशेष सांगितले नाही, तर ती १५ क्रमांकाचा 'सिगटर्म' पाठवते. सिगटर्म ही विनंती आहे. "आता आवरते घे," एवढेच तो सांगतो. ज्या प्रक्रियेने त्याचा अर्थ शिकून घेतला आहे ती हातातले वाक्य पुरे लिहिते, वही मिटते, दाराची कडी लावते आणि मग निरोप घेते.

९ क्रमांकाचा 'सिगकिल' मात्र विनंती नव्हे. त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, त्यासाठी उतारा लिहून ठेवता येत नाही. खरे पाहता प्रक्रियेला तो ऐकूही येत नाही. कर्नेल तिचे अस्तित्वच संपवतो. अशी कल्पना करावी, की एक प्रक्रिया हिशेबाची वही लिहीत आहे. एका खात्यातून शंभर रुपये वजा केल्याची ओळ लिहून झाली. दुसऱ्या खात्यात ते जमा केल्याची ओळ अजून लिहायची आहे. अशा क्षणी सिगटर्म आला, तर दुसरी ओळ लिहून मग थांबता येते. सिगकिल आला, तर शंभर रुपये एका पानावरून गेले आणि दुसऱ्या पानावर पोचलेच नाहीत. काळजीने रचलेल्या हिशेबप्रणाली अशा प्रसंगातूनही सावरतात, कारण प्रत्येक व्यवहार त्या आधी वेगळ्या रोजखर्ड्यात टिपतात. पण सगळेच कार्यक्रम इतके सावध नसतात. तरीही घाईच्या माणसाच्या तोंडी पहिला आकडा ९ हाच असतो. एखादा कार्यक्रम क्षणभर अडला, की तो विनंतीची पायरी ओलांडून थेट घाव घालतो, आणि मग अर्धवट लिहिलेल्या कागदांबद्दल संगणकाला दोष देतो.

संगणक बंद करताना कार्यप्रणाली स्वतः असे करीत नाही. लिनक्सवर बंद करण्याची आज्ञा झाली की चालू असलेल्या सेवांना आधी सिगटर्म जातो. मग ठरावीक मुदत, पुष्कळ ठिकाणी ती ९० सेकंदांची असते, त्यांची वाट पाहिली जाते. आणि तरीही जी प्रक्रिया हटत नाही तिलाच सिगकिल मिळतो. पडदा काळा होण्यास कधी कधी मिनिटभर वेळ लागतो, तो अशा एखाद्या रेंगाळणाऱ्या प्रक्रियेपायी. फोनवर परिस्थिती निराळी असते. स्मृती अपुरी पडू लागली, की अँड्रॉइड पडद्यामागे पडून असलेल्या प्रक्रियांना सरळ सिगकिल देते. विनंती करीत बसण्याची उसंत नसते. म्हणून फोनसाठी कार्यक्रम लिहिणारे आपले काम पडदा सोडतानाच जपून ठेवतात, पुढची घंटा ऐकू येणार नाही हे गृहीत धरून.

जुन्या युनिक्समध्ये या व्यवस्थेत एक मोठे न्यून होते. प्रक्रियेने एखाद्या संकेतासाठी उतारा लिहून ठेवला असला, तरी तो संकेत एकदा येताच ती तजवीज आपोआप रद्द होई, आणि प्रक्रियेला ती पुन्हा नव्याने करावी लागे. पहिला संकेत येणे आणि पुन्हा तजवीज होणे, यांमध्ये निमिषार्धाची फट राही. त्या फटीत तोच संकेत दुसऱ्यांदा आला, तर मूळची कृती घडे, म्हणजे प्रक्रिया मरे. एखाद्याने अधीरपणे कळ दोनदा दाबली, एवढेच निमित्त पुरे होई. असा दोष शोधून काढणे फार कठीण. कारण तो शंभर वेळा दिसत नाही आणि एकशे एकाव्या वेळी घात करतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत युनिक्सची जी आवृत्ती तयार झाली, तिच्यात १९८३ साली ही फट बुजवण्यात आली. तजवीज कायम राहू लागली, आणि एका संकेताचे काम चालू असताना तोच दुसऱ्यांदा आला तर त्याला दाराबाहेर थांबवून ठेवण्याची सोय झाली. १९८८ साली 'पॉझिक्स' नावाने जी प्रमाण नियमावली निघाली, तिनेही विश्वासार्ह संकेतांची हीच रीत स्वीकारली.

आता एक प्रश्न साहजिकच मनात येतो. घंटेने निरोप सांगता येतो, तर घंटेने पत्र लिहिता येईल काय? येईल, आणि प्रोग्रामिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हा अभ्यास मुद्दाम दिला जातो, कारण त्यात संकेतांचा सारा स्वभाव उघडा पडतो.

कर्नेलने दोन संकेतांना स्वतःचा अर्थ दिलेला नाही. ते प्रक्रियांनी आपापसांत ठरवून वापरावेत म्हणून मोकळे सोडले आहेत. त्यांची नावे 'सिगयूझर एक' आणि 'सिगयूझर दोन' अशी समजू. संगणकातील प्रत्येक अक्षर शेवटी शून्य आणि एक या दोन अंकांच्या ओळीतच साठवलेले असते. तेव्हा पहिला संकेत म्हणजे शून्य आणि दुसरा म्हणजे एक, असा करार केला की झाले. इंग्रजी वर्णमालेतील 'ए' हे पहिले मोठे अक्षर ०१०००००१ असे लिहितात. पाठवणाऱ्याने आठ टोल द्यावेत, ऐकणाऱ्याने आठ अंक मांडावेत, आणि अक्षर तयार व्हावे. तारायंत्राच्या कडकट्टाची आठवण करून देणारी ही रीत आहे.

करून पाहिले, की मात्र भलतेच घडते. वर सांगितले आहे की कर्नेल संकेतासमोर केवळ एक खूण करतो. किती वेळा संकेत आला, हे तो मोजत नाही. दारावर "पाहुणे आले" अशी पाटी एकदा लावली, की तीच पाटी दुसऱ्यांदा लावता येत नाही. आत बसलेल्याला एकच पाटी दिसते. 'ए' या अक्षरात मधे पाच शून्ये लागोपाठ येतात. ऐकणारी प्रक्रिया एका शून्याची नोंद घेण्यापूर्वीच पुढची दोन शून्ये येऊन थडकली, तर त्या दोघांचे एकच होते. एक शून्य गळाले. हाती उरले सात अंक. आठवा अंक म्हणून पुढच्या अक्षराचा पहिला अंक ओढला जातो. इंग्रजीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला अंक शून्यच असतो. म्हणून ओळ तयार होते ०१००००१०. हे 'बी' अक्षर झाले! पाठवले 'ए', पोचले 'बी'. आणि तेथून पुढील प्रत्येक अक्षर एका घराने सरकलेले. पत्राचा एक टोल हरवला आणि सबंध पत्र नासले. त्यातच दोन निरनिराळे संकेत एकाच वेळी थांबून राहिले, तर त्यांतला आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता, याचीही नोंद राहत नाही.

यावर उपाय जुनाच आहे: पोच घेणे. ऐकणाऱ्याने प्रत्येक अंक वहीत मांडला, की पाठवणाऱ्याला उलट एक संकेत द्यावा, आणि तो मिळेपर्यंत पाठवणाऱ्याने पुढचा टोल देऊ नये. पोच कोणाला द्यायची हे ऐकणाऱ्याला कळते, कारण संकेताबरोबर पाठवणाऱ्याचा क्रमांक मागून घेण्याची सोय कर्नेलने केलेली आहे. येथेही एक खाच आहे. पाठवणारी प्रक्रिया टोल देऊन "आता पोच येईतो निजावे" असे ठरवते; परंतु डोळा मिटण्यापूर्वीच पोच येऊन गेली, तर ती निजते आणि उठवणारे कोणीच उरत नाही. दोघीही एकमेकींची वाट पाहत कायमच्या बसून राहतात. म्हणून पोचेचा संकेत आधी दाराबाहेर अडवून धरायचा, आणि दार उघडणे व निजणे या दोन्ही गोष्टी कर्नेलकडून एकाच क्षणात करवून घ्यायच्या, अशी युक्ती योजावी लागते.

ऐकणाऱ्यालाही एक पथ्य आहे. संकेत केव्हाही येतो. वाक्य अर्धे असताना येतो, स्मृतीतील जागांची मांडामांड चालू असतानाही येतो. तेव्हा संकेतासाठी लिहिलेल्या उताऱ्यात लांबलचक काम करू नये. स्मृतीची नवी जागा मागणे, पडद्यावर छापणे असली कामे तेथे केली, तर अर्धवट राहिलेल्या मूळ कामाशी गुंता होऊन प्रक्रिया अडकून पडते. अनुभवी लेखक तेथे एवढेच लिहितात की "संकेत आला"; म्हणजे एक छोटी खूण करतात, आणि मूळ काम सोयीच्या ठिकाणी पोचले की ती खूण पाहून पुढचे करतात.

इतकी दक्षता घेतल्यावर पत्र बिनचूक पोचते, परंतु मोल केवढे! देवनागरी अक्षरांना तर आणखीच अधिक पडते. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हास चोवीस अंक लागतात, आणि मात्रा व हलन्त यांची गणना वेगळी होते. 'नमस्ते' या शब्दात न, म, स, हलन्त, त आणि मात्रा अशी सहा चिन्हे आहेत. म्हणजे १४४ अंक. प्रत्येक अंकाला एक टोल आणि एक पोच धरली, तर एका नमस्कारासाठी २८८ संकेत! १९९३ साली पॉझिक्समध्ये संकेतांचा एक नवा वर्ग आला. ते संकेत रांगेत उभे राहतात, हरवत नाहीत, आणि सोबत एक लहानशी संख्याही नेऊ शकतात. तरीसुद्धा पत्रासाठी त्यांचा उपयोग क्वचितच होतो.

कारण पत्रासाठी चांगले मार्ग केव्हाच तयार झालेले होते. डग्लस मॅकिलरॉय यांच्या सूचनेवरून १९७३ साली युनिक्समध्ये 'पाइप', म्हणजे नळी, आली. एका प्रक्रियेने एका टोकाने अक्षरे ओतावीत आणि दुसरीने दुसऱ्या टोकाने ती त्याच क्रमाने घ्यावीत. एकही गळत नाही. नळी भरली, की ओतणाऱ्याला कर्नेल आपोआप थांबवतो, आणि जागा झाली की पुन्हा ओतू देतो. पोचेची कटकट नाही, टोलांचा हिशेब नाही. मात्र ओतणारी प्रक्रिया ओतत असताना घेणारीच निघून गेली आणि नळीचे पलीकडचे टोक बंद झाले, तर ते नळीतून कळवणार कसे? तेव्हा कर्नेल पुन्हा घंटेकडेच वळतो. ओतणाऱ्या प्रक्रियेला १३ क्रमांकाचा 'सिगपाइप' हा संकेत जातो, आणि तिने त्याचा अर्थ आधी शिकून ठेवला नसेल, तर ती तेथेच संपते.